पूल बंद आहे, हे कोणी सांगायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात दोन माणसं रस्त्यात भेटली, की रामराम होण्याआधी प्रश्न येतो, "किती फूट?" कशाचे फूट, हे विचारावं लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची जी पातळी मोजतात, तिचा हा आकडा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. सांगलीकरांचं माप आयर्विन पुलापाशी. तिथे इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना. सरकारी दप्तरातला एखादा आकडा लोकांनी इतका घरचा करून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

पण आकडा कळला, तरी नदीकाठच्या माणसाचा खरा प्रश्न तसाच राहतो. उद्या सकाळी मला पलीकडे जाता येईल का? दूध पोचवायला, कॉलेजला, तालुक्याच्या दवाखान्यात? आणि गेलो, तर संध्याकाळी परत येता येईल का? हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा. सकाळी उघडा असलेला रस्ता दुपारी पाण्याखाली गेला, की कामाला गेलेली बाई एका काठावर आणि तिची लेकरं दुसऱ्या काठावर. पूल बंद करणं हे अभियंत्याचं आणि पोलिसांचं काम आहे. पण तो बंद आहे, किंवा बंद होणार आहे, हे गावाला वेळेवर, नेमकं आणि पटेल असं सांगणं हे निराळंच काम आहे; आणि ते कोणाचं, हे पुष्कळदा ठरलेलंच नसतं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्यायला कारण आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते; पाचवी सरस्वती गुप्त आहे, अशी लोकांची श्रद्धा. उत्तरेला वारणा, दक्षिणेला दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा. या सगळ्या नद्यांच्या बेचक्यांत वसलेल्या गावांना पाणी ओलांडल्याशिवाय दिवस काढता येत नाही. आणि ओलांडायचं साधन बऱ्याच ठिकाणी पूल नसतो, बंधारा असतो.

'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव आपण शाळेच्या पुस्तकातही वाचलेलं असतं. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करायचे, खांबांना खाचा ठेवायच्या, पावसाळा संपला की त्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं आणि मृग लागण्याआधी ते बरगे काढून नदी मोकळी करायची. शेतीसाठी फार शहाणी रचना. खांबांवर स्लॅब असतो, तो खरं तर बरगे घालण्या-काढण्यासाठी आणि देखरेखीसाठी. पण गावाला तो आयता रस्ता मिळाला. आठ-दहा किलोमीटरचा वळसा वाचतो म्हटल्यावर सायकल, मग मोटारसायकल, मग ट्रॅक्टर आणि उसाची गाडी अशी वाहतूक त्यावरून सुरू झाली. उंची मात्र बंधाऱ्याचीच राहिली. तो पाणी अडवायला बांधलेला. पुराच्या वर राहायला बांधलेलाच नाही. त्यामुळे दर पावसाळ्यात, एकदा नव्हे चार-चारदा, तो पाण्याखाली जातो. कठडा असला तर ओंडके-झुडपं अडकून तो मोडतो, म्हणून कित्येक ठिकाणी कठडाच नसतो. वरून गढूळ पाणी वाहू लागलं, की स्लॅबची कड कुठे संपते, ते दिसत नाही.

आता यात सांगण्याची व्यवस्था कशी चालते, ते पाहा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून रोज माहिती निघते. कोणत्या धरणात किती साठा, किती विसर्ग, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, आणि मग पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी. पंचगंगा नदीवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ. भोगावती नदीवरील अमुक. कासारी नदीवरील तमुक. ही यादी वर्षानुवर्षं वृत्तपत्रांत छापली जाते आणि तिच्यामागे बरीच मेहनत असते, यात शंका नाही. पण ती नदीनुसार लावलेली असते, कारण ती गोळा करणारा विभाग पाण्याचा आहे. वाचणारा माणूस नदीनुसार जगत नाही, तो रस्त्यानुसार जगतो. त्याला 'भोगावतीवरचे पाच बंधारे पाण्याखाली' यापेक्षा 'आमच्या गावाहून परित्याला जायचं तर आज कुठून' हे हवं असतं. रस्त्यांची वेगळी यादी निघते, तिच्यात प्रमुख जिल्हा मार्ग क्रमांक अमुक असे आकडे असतात. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक सांगा, असं गावात विचारून बघा. शंभरात एखादा सांगेल, तोही बहुधा ठेकेदार.

नावांचा घोळ आणखी वेगळा. बंधाऱ्याला दोन काठ असतात आणि दोन काठांवर दोन गावं. सरकारी कागदात एका गावाचं नाव असतं. समोरच्या काठावरचं गाव त्याला आपलं नाव देतं. 'तो' बंधारा बंद झाल्याची बातमी ऐकून 'हा' चालू असेल, असं समजणारा माणूस मूर्ख नसतो. तो फक्त दुसऱ्या काठावर राहतो.

मालकीही एकाची नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि बंधारा पाटबंधारे खात्याकडे, म्हणजे आताच्या जलसंपदा विभागाकडे. त्यात राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्यांचं कार्यालय आणखी निराळं. गावकऱ्याला फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने तो एकच रस्ता आहे. पण फलक कोणी लावायचा, असा प्रश्न आला की हे सगळे फरक जागे होतात.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार सरकारला किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्थितीमुळे, तिथली वाहतूक बंद करता येते किंवा तिच्यावर निर्बंध घालता येतात. बंदी महिन्यापेक्षा जास्त काळ असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. महिनाभराची किंवा त्याहून कमी असेल तर राजपत्राची गरज नाही; मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिलीच पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट आहे. योग्य ठिकाणी वाहतुकीची चिन्हं उभारायची, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे गावाला सांगणं हा कोणाच्या चांगुलपणाचा भाग नाही. तो आदेशाचाच भाग आहे. अडचण एवढीच, की 'स्थानिक प्रसिद्धी' म्हणजे काय, हे कायद्याने त्या त्या वेळच्या परिस्थितीवर सोडलं, आणि आपण ते कार्यालयाच्या सूचनाफलकावर सोडलं.

खरं तर गावाला बातमी द्यायची आपली जुनी वाट बरी होती. कोतवालाने दवंडी दिली, की ती एकाच वेळी सगळ्यांच्या कानावर पडायची आणि देणारा माणूस ओळखीचा असायचा. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक ही पुढची साखळी. यांतल्या काही पदांची नावं अलीकडे बदलली, पण गावाच्या तोंडी जुनीच आहेत. याखेरीज एक न बोलणारी खबर असते, तिचं मला फार कौतुक वाटतं. ती म्हणजे मुक्कामाची एसटी. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे तालुक्याला जाणारी गाडी. ती रात्री आलीच नाही, की म्हातारी माणसं अंथरुणातून म्हणतात, "बंधारा गेला वाटतं." चालक-वाहक रोज त्या वाटेने जातात, पाणी कालच्यापेक्षा किती वर आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाकडे ही माहिती सहा वाजेपर्यंत जमलेली असते. ती गावागावांत परत पोचवण्याची वाट मात्र कोणी बांधलेली नाही.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू, कारण निरोप एक असला तरी ऐकणारे दहा असतात. दुधाचा टेम्पो येणार नसेल, तर ते पहाटे चारला धार काढायच्या आधी कळायला हवं. आठ वाजता कळून उपयोग नाही. दूध दुपारपर्यंत थांबत नाही. दहावी-बारावीच्या पोरांना आदल्या रात्री कळलं, तर ती पलीकडच्या मावशीकडे जाऊन राहतील. डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला तर दोन दिवस आधी सांगितलं पाहिजे, कारण त्याची पाळी चुकवता येत नाही. आणि दिवस भरत आलेल्या बाईला पाऊस लागण्याआधीच हलवायला हवं. आशाताईंकडे अशा बायांची यादी तारखांसकट असते. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तालुक्याचा संपर्क तुटायचा, हे वर्षानुवर्षं आपण वाचत आलो. तिकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गरोदर बायांना आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवण्याची रीत पाडली, आणि आदिवासी भागासाठी माहेरघर योजनाही आहे. पूल बंद होण्याची माहिती सगळ्यांत आधी कोणाला हवी, हे ज्यांनी ओळखलं, त्यांचं हे काम आहे.

राहिला तो परका माणूस. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे निघालेला, कोकणात उतरणारा प्रवासी. मांडुकली किंवा किरव्याजवळ रस्त्यावर पाणी आलं, हे त्याला गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळणार नाही, कारण तो त्यात नाही. भोंग्यावरची सूचना त्याने ऐकलेली नाही. त्याला फक्त रस्त्यावरचा फलक दिसतो, आणि तो फलक आपण बहुतेक वेळा पाण्याच्या कडेला लावतो. तिथे पोचेपर्यंत माणूस वीस किलोमीटर आत आलेला असतो, अंधार पडलेला असतो, मागे फिरायचं जिवावर येतं. समोरून एक ट्रॅक्टर आरपार आलेला दिसला, की तो गाडी घालतो. हाच फलक फाट्यावर असता, जिथून दुसरा रस्ता फुटतो तिथे, तर त्याने न कुरकुरता गाडी वळवली असती. फलकाची खरी जागा पुलाजवळ नसून निर्णय घेण्याच्या जागी आहे. एक फाट्यावर, दुसरा पुलाच्या अलीकडे, आणि पुलावर फलक नव्हे तर अडथळा. तोही दोन्ही काठांवर. एकाच काठावर अडथळा उभा करून गेल्याचे प्रकार कमी नाहीत.

पाण्यात गाडी घालणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणून मोकळे होतो. त्याच्या डोक्यात काय हिशेब असतो, तेही पाहायला हवं. तो म्हणतो, पाणी गुडघ्याच्या खालीच तर आहे. आणि कोणीही त्याला सांगितलेलं नसतं, की वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, आणि फूट-दोन फूट असलं तर मोटार वाहून नेऊ शकतं. यामागचं गणित सोपं आहे. लहान मोटारीचा तळ साधारण चार मीटर लांब आणि दीड-पावणेदोन मीटर रुंद. पाणी तळाला टेकलं, की पुढच्या प्रत्येक इंचाला ते सुमारे दीडशे किलो वजन उचलून धरतं. गाडी नऊशे-हजार किलोची. म्हणजे तळाच्या वर सहा-सात इंच पाणी चढलं की चाकं जमिनीवर नावापुरती टेकलेली असतात, आणि बाजूने येणारा लोंढा तिला ढकलत कडेला नेतो. ट्रॅक्टर जड आणि उंच, त्याची चाकं मोठी, म्हणून तो पार होतो. तो गेला म्हणून आपण जाऊ, हा हिशेब तिथेच चुकतो. 'पाण्यात वाहन घालू नये' या वाक्यापेक्षा हे चार आकडे एकदा शाळेत, एकदा ग्रामसभेत समजावून सांगितले, तर जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे. कारण समजलं की मनाई जाचत नाही.

निरोपाच्या भाषेबद्दल थोडं. 'आजपासून बंधाऱ्यावरून वाहतूक बंद, नागरिकांनी दक्षता घ्यावी.' असा संदेश फोनवर येतो. त्यातला सगळ्यांत धोक्याचा शब्द 'आज'. हा संदेश पुढे जात जात चार दिवसांनी, कधी पुढच्या वर्षीही येतो, आणि दर वेळी तो 'आज'चाच असतो. वार, तारीख आणि वेळ लिहिली, की हा रोग निम्मा बरा होतो. 'दक्षता घ्यावी' याचाही अर्थ कोणाला कळत नाही. पायी जाता येईल का? दुचाकीचं काय? फक्त जड वाहनांना बंदी आहे का? पर्यायी रस्ता कोणता, आणि तो किती लांब पडतो? शेवटची एसटी कुठपर्यंत येईल? हे सांगणारा कोण, आणि विचारायचं तर कोणाला? आणि ज्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही ते म्हणजे, पुढची खबर कधी मिळेल? 'संध्याकाळी सहाला पुन्हा सांगू' एवढं एक वाक्य असलं, की माणसं दर अर्ध्या तासाला फोन लावत बसत नाहीत आणि पाणी बघायला नदीवर गर्दीही करत नाहीत. सहा वाजता नवीन काही नसलं, तरी 'बदल नाही' हे सांगायचंच. त्या वेळी कोणी बोललं नाही, की ती जागा अफवा घेते. पुराच्या दिवसांत जुन्या वर्षाची चित्रफीत नव्याने फिरू लागते आणि धरणाबद्दल भलतंसलतं उठतं, ते अशाच रिकाम्या वेळी.

धरणाचा विषय निघालाच आहे, तर राधानगरीचं सांगतो. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला, की पाण्याच्याच दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ घनफूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी सुटतं. दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. कोणी अधिकारी कळ दाबत नाही, त्यामुळे उघडण्याची वेळ कोणी ठरवत नाही. ती रात्री दोनचीही असते. यंत्र स्वतः चालतं, पण बातमी स्वतः चालत नाही. धरणावरच्या माणसाने कळवलं, नियंत्रण कक्षाने पुढे सांगितलं, तर भोगावतीच्या काठच्या गावांना पाणी पोचण्याआधी काही तास मिळतात. बंधाऱ्यावर अडथळा उभा करायला, जनावरं हलवायला तेवढे तास पुरतात.

या ठिकाणी एक काम असं आहे, ज्याला पैसा जवळजवळ लागत नाही. 'किती फूट' हा आकडा सगळ्यांना कळतो, पण राजारामला किती फूट झालं म्हणजे माझा रस्ता जातो, हे गावातल्या दोन-चार जाणत्यांनाच ठाऊक असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. कुठलं पाणी कुठल्या देवळाच्या पायरीला लागलं, कोणता रस्ता आधी बुडाला, हे लोकांच्या डोळ्यांसमोर आहे; आणखी वीस वर्षांनी राहणार नाही. ग्रामपंचायतीने ते आताच भिंतीवर रंगवून घ्यावं. इतक्या फुटांना बंधारा, इतक्या फुटांना ओढ्यावरची मोरी, इतक्या फुटांना मुख्य रस्ता. मग सकाळी राजारामचा आकडा आला, की प्रत्येक गाव आपापला अर्थ लावेल. एक सावधगिरी मात्र हवी. शिरोळकडे फुगवट्याचं पाणी असतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी ते चढत राहतं. तिथलं माप कृष्णेच्या पातळीशीही जुळवून पाहावं लागेल.

साधनांबद्दल फार बोलायला नको, कारण ती पुष्कळ झाली आहेत. व्हॉट्सअ‍ॅप आहे. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका ठरावीक क्रमांकावर फोन करून बोललं, की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो, साध्या फोनवरसुद्धा. भोंग्यासारखा आवाज करत फोनवर येणाऱ्या आपत्तीच्या इशाऱ्याच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. पण या सगळ्यांचा जीव विजेत आहे. मोठ्या पुरात आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर त्याच्या बॅटऱ्यांवर काही तास तग धरतो आणि नंतर तोही गप्प होतो. म्हणजे नदी सगळ्यांत उंच असते, तेव्हाच फोन मुका. तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ, देवळातला किंवा मशिदीतला इन्व्हर्टरवरचा भोंगा, आणि दारोदार जाणारी दोन पोरं, एवढंच उरतं. कोणत्या गल्लीत कोण जाणार, ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला कोण सांगणार, हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवावं लागतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. तिच्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. पूल पडल्याचं सर्वांत आधी ध्यानात आलं, ते जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या. पुलावर गेलेल्या गाडीचे दिवे एकाएकी नाहीसे झाले, हे त्याने पाहिलं, येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि पोलिसांना कळवलं. आणखी किती गाड्या गेल्या असत्या, याचा विचारही करवत नाही. पहिली खबर नेहमी अशाच कोणाकडून तरी येते: पुलाजवळचा चहावाला, पंपावरचा पोरगा, नदीकाठी मोटर बघायला गेलेला शेतकरी. आपली व्यवस्था वरून खाली सांगण्याची आहे. खालून वर सांगण्याची वाट तिच्यात अरुंद आहे. पुलाच्या दोन्ही काठांवरच्या दोन-दोन माणसांची नावं तहसील कार्यालयात असावीत, कोणाला फोन करायचा ते त्यांना माहीत असावं, आणि धोका दिसला तर वरून आदेश येईपर्यंत थांबू नका, आधी गाड्या अडवा, असं त्यांना स्पष्ट सांगितलेलं असावं. गावात यासाठी माणूस आहेच. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ मध्ये झाला, त्याखाली पोलीस पाटील नेमला जातो. त्याच्या हाती एक दोर, दोन लाल कंदील आणि पाठीशी तालुक्याचा शब्द हवा.

दुसरी घटना १५ जून २०२५ ची. मावळ तालुक्यात कुंडमळा इथला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. गावाला धोका माहीत होता. गर्दी गावाची नव्हती. फलक लावून माहिती दिल्याची नोंद होते, पण पुलावरचा माणूस कमी होत नाही. रविवारी दुपारी जिथे शेकडो अनोळखी लोक येणार हे ठाऊक आहे, तिथे पाटीऐवजी कुलूपबंद फाटक आणि एक माणूस लागतो. या दुर्घटनेनंतर जुन्या पुलांच्या तपासणीची चर्चा पुन्हा राज्यभर झाली, आणि तपासणीत नापास झालेले पूल बंद होऊ लागले, की आपल्या विषयाचा निराळाच प्रकार सुरू होतो.

पुराची बंदी दोन-चार दिवसांची असते. लोक तिला सरावलेले असतात. दुरुस्तीची बंदी महिन्यांची. सुरुवातीला फलक लागतो, 'काम प्रगतिपथावर, गैरसोयीबद्दल क्षमस्व'. नदीत पाईप टाकून, वर भराव घालून वळणरस्ता केला जातो, तो पहिल्या मोठ्या पावसात वाहून जातो. दिलेली तारीख उलटते. मग लोक विचारणंच सोडून देतात आणि आपापल्या वाटा शोधतात. त्यांतली एखादी जुन्या बंद पुलावरूनच जाते. इथे गावाला रोजचा निरोप नको असतो. महिन्यातून एकदा, ग्रामसभेत किंवा बाजाराच्या दिवशी, कामावरच्या अभियंत्याने उभं राहून सांगावं: एवढे खांब झाले, एवढे राहिले, उशीर या कारणाने झाला, ऊस तोडणीच्या हंगामात गाड्या या रस्त्याने न्या. लोक रागावतील, बोलतील. पण तोंडावर बोललेलं माणसं पुढच्या वेळी ऐकतातही. कामाची गती माहीत असली, की कारखान्याची टोळी, शाळेची गाडी, लग्नाचं वऱ्हाड, सगळेच आपली सोय आधी करून ठेवतात.

शेवटी पूल पुन्हा सुरू झाल्याची बातमी. बंद झाल्याची बातमी मोठ्या अक्षरात येते, उघडल्याची येतच नाही. पाणी उतरलं, स्लॅब दिसू लागला, की पहिला मोटारसायकलवाला जातो आणि त्याच्या मागून सगळे. पण उतरलेल्या पाण्याखालून निघालेला बंधारा आधीसारखा असतोच असं नाही. वर चिखलाचा थर असतो, त्यावर चाक घसरतं. काठाकडचा भराव आतून वाहून गेलेला असतो आणि वरचं डांबर मात्र जागेवर दिसतं. खांबांना ओंडके अडकलेले असतात. कोणीतरी उतरून, काठी टोचून, दोन्ही टोकं पाहून 'आता जा' म्हणायला हवं, आणि ते म्हटल्याची वेळ गावाला कळायला हवी. तोवर अडथळा काढायचा नाही. आणि एकदा 'जा' म्हटलं, की त्याच दिवशी फाट्यावरची पाटी उतरवायची. सप्टेंबरात रस्ता सुरळीत झाल्यावरही 'पुढे पूल पाण्याखाली' ही पाटी दिवाळीपर्यंत तशीच उभी राहिलेली मी अनेक फाट्यांवर पाहिली आहे. तिच्यावर उसाच्या पाल्याची धूळ बसते, शेजारून दिवसभर गाड्या जातात, आणि पुढच्या जुलैत तीच पाटी पुसून पुन्हा तिथेच लावली जाते.